कमी करण्याचा अधिकार

'छंद' ह्या शब्दास आपल्या मध्यमवर्गीय घरांतून म्हणावी तशी प्रतिष्ठा लाभलेली नाही. मुलगा परीक्षेत मागे पडला की त्याचे खापर प्रथम त्याच्या छंदावर फुटते. आणि एखादा प्रौढ गृहस्थ कसल्याशा नादी लागला म्हणजे 'त्याला छंदच जडला आहे' असे आपण काहीशा अनुकंपेने म्हणतो. परंतु ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'वृत्त' असा आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. कवी अक्षरांची आणि मात्रांची जी मर्यादा आपण होऊन पत्करतो, तिचेही नाव छंदच. एका अर्थी मनाची मोकळीक आणि दुसऱ्या अर्थी मनाला घातलेला आवर, असे परस्परविरुद्ध भासणारे दोन अर्थ भाषेने एकाच शब्दात सुखाने नांदविले आहेत. ह्या दोन्ही अर्थांनी ज्यास छंद म्हणता येईल अशा एका आधुनिक उद्योगाचा, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या एका नैतिक प्रश्नाचा, येथे थोडा विचार करावयाचा आहे.

हा उद्योग म्हणजे संगणकाचा लहानसा कळफलक स्वतः योजून स्वतः घडविण्याचा. तयार कळफलक बाजारात पाच-सातशे रुपयांस मिळतो, आणि त्यावर कोणाचेही काम अडत नाही. तथापि गेल्या काही वर्षांत जगात ठिकठिकाणी, आणि आता आपल्या देशातही, अशी हौशी मंडळी निर्माण झाली आहेत की ज्यांचे समाधान ह्या तयार मालाने होत नाही. कळांची मांडणी ते प्रथम कागदावर आखतात. दोन कळांच्या मध्यांत पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, अंतर राखावयाचे हा सर्वमान्य संकेत. मग विद्युत्‌मंडलाचा नकाशा संगणकावर काढून त्याबरहुकूम पाटी कारखान्यातून करवून आणतात, तिच्यावर एकेक स्विच बसवून डाख देतात, आणि कोणती कळ दाबली असता काय उमटावे ते सांगणारी आज्ञावलीही स्वतःच लिहितात. पुण्यात राहणाऱ्यास तारा, डायोड व डाखाचे सामान बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत शोधता येते. धातूचे कवच कोरून हवे असेल तर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत तशा यंत्रांचा तोटा नाही.

ह्या वस्तूच्या पोटात डोकावून पाहिले असता कोणाही जिज्ञासूस कौतुक वाटावे असेच आहे. प्रत्येक कळेखाली एक प्लास्टिकची डबी, तीत एक दांडा आणि एक स्प्रिंग. कळ एकंदर चार मिलिमीटर खाली जाते, आणि साधारण अर्ध्या वाटेवर धातूच्या दोन पट्ट्यांचा स्पर्श होऊन अक्षराची वर्दी जाते. साठ कळांना साठ तारा जोडाव्या लागत नाहीत. पाच आडव्या ओळी आणि चौदा उभ्या रांगा ह्यांच्या छेदांवर कळा मांडल्या की एकोणीस तारांत काम भागते. तीन-चार कळा एकदम दाबल्या गेल्यास प्रवाह आडवाटेने जाऊन न दाबलेले अक्षर उमटू नये, म्हणून प्रत्येक कळेपाशी एक डायोड पहाऱ्यास ठेवतात. शिवाय धातूवर धातू आपटला म्हणजे तो काही सहस्रांश सेकंद थरथरत राहतो. ह्या थरथरीस दहा वेळा दाबलेली कळ न समजता आज्ञावली क्षणभर थांबून खात्री करून घेते. बोलण्यापूर्वी इतके थांबणे माणसांना साधते तर कितीतरी भांडणे टळती!

हे काम एकट्यादुकट्याचे सहसा राहत नाही. कारखान्याकडून एक पाटी करून घ्या की पन्नास, आरंभीचा खर्च बहुतेक तोच. म्हणून समानशील मंडळी जमवून वर्गणी गोळा करणे ओघानेच येते. भिशी चालविणाऱ्या आपल्या गृहिणींस ह्यातील व्यवहार समजावून सांगावयास नको. एकाच्या हाती पैसे द्यावयाचे, आणि माल पदरात पडेपर्यंत महिनेच्या महिने विश्वासावर काढावयाचे. नकाशे व आज्ञावल्याही पुष्कळदा सर्वांस मोफत खुल्या असतात. आज ह्या क्षेत्रात फार वापरली जाणारी क्यूएमके नावाची आज्ञावली ज्या परवान्याखाली दिली जाते, त्याची मुख्य अट अशी की, जो ती घेऊन, सुधारून, पुढे दुसऱ्यास देईल, त्याने आपली सुधारणाही त्याच मोकळेपणाने द्यावी. ऋषिऋण फेडावयाचे ते ऋषीस परत देऊन नव्हे, तर विद्या पुढे चालवून, असे जे आपल्याकडे मानीत आले, त्याचेच हे एक नवे रूप म्हणावे.

आता कोणी म्हणेल, हा सारा रिकामटेकडेपणा आहे. ज्या देशात अनेक शाळांतून अजून पुरेसे संगणक नाहीत, तेथे चांगला चालणारा कळफलक बाजूस सारून दुसऱ्यासाठी हजारो रुपये वेचावयाचे ह्यास काय म्हणावे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अल्पतेचे गोडवे गाणाऱ्या ह्याच मंडळींपैकी काहींच्या कपाटात दहा-दहा लहान कळफलक पडून असतात, आणि एका मोठ्याची जागा वाचविण्यासाठी दहा लहान बाळगणे ही काटकसर नसून हाव होय, हे स्पष्ट बोलले पाहिजे. परंतु हौसेचा अतिरेक होतो म्हणून हौसच मुळात निंद्य ठरत नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांस तेथील अडकित्ते, दिवे, दौती, फण्या आणि वज्र्या आठवत असतील. सुपारी कातरावयास कोणतीही दोन पाती पुरतात. तरी कोणा अनाम कारागिराने अडकित्त्यास पक्ष्याचे वा स्त्रीपुरुषाचे रूप दिले, कारण जी वस्तू दिवसातून दहा वेळा हाती यावयाची ती हाताला आणि डोळ्याला गोड वाटावी, असे त्यास वाटले. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता लिहिणारे कवी, ह्यांनी आयुष्यभर ह्याच वस्तूंचा ध्यास घेतला, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा केलेला तो संग्रह १९७५ साली राज्य शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाचा छंद अशा रीतीने सर्वांचा ठेवा झाला. लिहिणे हाच ज्यांचा दिवसाचा व्यवसाय, त्यांनी लेखणीची चिकित्सा करावी ह्यात गैर काही नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे, आणि तो ह्या छंदातील 'लहान' ह्या विशेषणात दडलेला आहे.

नेहमीच्या कळफलकावर शंभराहून थोड्या अधिक, बहुधा १०४, कळा असतात. उजवीकडचा अंकांचा चौक काढला की ८७ उरतात. बाणांच्या आणि वरच्या ओळीतील विशेष कळा काढल्या की ६१. अंकांची ओळही काढली की सत्तेचाळीसच्या आसपास. आणि काही व्रतस्थ मंडळी तर ३६ कळांवर संसार करतात. जे काढले ते नाहीसे होत नाही. अंगठ्याने एक कळ दाबून धरली असता बाकीच्या कळांचे अर्थ बदलतात, जणू एकाच ओसरीखाली दुसरा मजला उघडतो, आणि अंक, बाण, विरामचिन्हे तेथे भेटतात. बोटांना मूळ ओळीपासून दूर धावावे लागत नाही, मनगटास विसावा मिळतो, मेज मोकळे राहते. जपानी संगणकशास्त्रज्ञ एइइती वादा ह्यांच्या विचारांतून १९९६ साली साठ कळांचा एक प्रसिद्ध कळफलक बाजारात आला. त्यांनी दिलेला दृष्टान्त मार्मिक आहे. अमेरिकेतील गुराखी रानात घोडा मेला तर तो तेथेच सोडतात, पण खोगीर मात्र खांद्यावर टाकून चालू लागतात. कारण घोडा पुन्हा मिळेल, परंतु अंगवळणी पडलेले खोगीर मिळणार नाही. संगणक हा घोडा आणि कळफलक हे खोगीर. आपल्या भाषेत निरुपयोगी जमावास 'खोगीरभरती' म्हणतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या खोगिरातून भरती काढून टाकण्याची ह्या मंडळींची धडपड आपणांस अधिकच समजेल.

ह्या धडपडीत एक तात्त्विक गुण आहे तो मान्य केला पाहिजे. वारशाने आलेली मांडणी आपण डोळे मिटून वापरतो. शोल्स व ग्लिडन ह्यांचा टंकयंत्राचा नमुना रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली विक्रीस आणला, तेव्हा प्रत्येक कळेखालच्या तरफेस वाट मिळावी म्हणून कळांच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकवाव्या लागल्या. तरफा केव्हाच गेल्या, सरकलेल्या ओळी मात्र आजही आपल्या बोटांखाली आहेत. अशा स्थितीत प्रत्येक कळेस 'तू येथे का?' असे विचारणारा माणूस, निदान स्वतःपुरता, विचाराचे कर्तव्य करीत असतो. आणि छत्तीस कळांची मर्यादा त्याने आपण होऊन पत्करली असेल तर ती कवीने पत्करलेल्या वृत्तासारखीच होय. तेथपर्यंत कोणाचे काही म्हणणे असण्याचे कारण नाही.

परंतु नकाशा एकाच्या मेजावर राहत नाही, तो पुढे जातो. ज्याने स्वतःसाठी आखला त्याचा नकाशा शंभर जण उतरून घेतात, त्या शंभरांचे पाहून कारखानदार माल काढतो, आणि एका माणसाची आवड हा हा म्हणता रिवाज होऊन बसते. कोणत्या कळा ठेवाव्या ह्याविषयी मंडळींत मतेही घेतली जातात. परंतु मत देणाऱ्यांत बहुसंख्य ज्या भाषेत लिहीत असतील तिच्याच गरजा त्या मोजणीत दिसणार. नकाशा देणारा आपल्या गुणांबरोबर आपल्या उणिवाही वाटीत असतो. आणि येथे मराठी लिहिणाऱ्याचा संबंध येतो.

भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट नावाची जी कळमांडणी प्रमाण मानली जाते, तिची घडण केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ पासून केली, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती आपल्या मानकात समाविष्ट केली. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांचे जे संगणकीय तंत्र सिद्ध झाले, ते पुढे नेण्याचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेकडे आले. तेव्हा ह्या विषयाशी आपल्या शहराचे नाते जुने आहे. ह्या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. आपली व्यंजने इंग्रजीहून अधिक, म्हणून ती उजव्या कडेला सांडून विरामचिन्हांच्या कळांवर जाऊन बसली आहेत. चौकटी कंसाच्या कळेवर ड आणि ढ. त्याच्या जोडीदाराच्या कळेवर ञ. अवतरणचिन्हाच्या कळेवर ट आणि ठ. उलट्या तिरप्या रेघेवर 'डॉक्टर'मधला ॉ. बरोबरच्या चिन्हावर ऋ. आणि संयोगरेषेच्या कळेवर विसर्ग.

इंग्रजी लिहिणाऱ्यास चौकटी कंस महिन्यातून एखादे वेळी लागत असेल. म्हणून सत्तेचाळीस कळांचा फलक आखताना तो पहिल्या झटक्यास जातो, आणि त्याबरोबर आमचा ड जातो. म्हणजे माझ्याकडे, तुझ्याकडे, सगळ्यांकडे असलेला ड! छत्तीस कळांच्या फलकावर अवतरणचिन्हही जाते, आणि मग मोठी मौज होते. त्या फलकावर 'पुणे' हा शब्द निर्वेध लिहिता येतो. पण 'पेठ' लिहिता येत नाही, 'वाडा' लिहिता येत नाही आणि 'टिळक'ही लिहिता येत नाहीत. 'ज्ञान' आणि 'कृपा' तर आधीच्याच पायरीवर निसटली. आणि त्याबद्दल 'दुःख' व्यक्त करावे म्हटले तर विसर्गही जागेवर नाही.

हे सर्व दुसऱ्या मजल्यावर मिळू शकते, असे उत्तर येईल. आणि ते खरेही आहे. परंतु ज्यास दिवसातून शेकडो वेळा ड लागतो त्यास तो प्रत्येक वेळी माडीवर जाऊन आणावयास सांगणे, आणि ज्यास महिन्यातून एकदा कंस लागतो त्यास तसेच सांगणे, ह्या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. गैरसोय लहान असते, पण ती रोजची असते. आणि माणसाच्या सवयी अशा रोजच्या लहान गैरसोयींतूनच घडतात. आपली मुले आज घरच्या माणसांनाही रोमन लिपीत मराठी लिहून पाठवितात, ती मराठीच्या द्वेषाने नव्हे. जेथे बोट सहज पडते तेथे ती लिहितात, इतकेच.

मराठी लहान फलकावर मावतच नाही, असेही म्हणता येणार नाही. १९५५ साली गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचा पहिला टंकयंत्राचा नमुना काढला; त्या काळच्या टंकयंत्रांवर पंचेचाळीसच्या आसपासच कळा असत. अर्धी अक्षरे आणि काना वेगळे करून तितक्यांत मराठी बसविण्यात आली, आणि महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षा देऊन कित्येक घरांतील मुलामुलींनी त्याच कळांवर पोट भरले. तेव्हा अडचण लहानपणाची नाही. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या अंगरख्याची ठिगळे काढीत गेल्याने जो लहान अंगरखा उरतो, तो आपल्या अंगाला बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्रासाठी लिपी किती कमी करावी, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. छापखान्यात देवनागरीचे शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याचे हात त्या खणांमधून फिरून थकत. लोकमान्य टिळकांनी १९०४ साली 'केसरी'तून हा विषय हाती घेतला, आणि त्या विचाराची परिणती त्यांच्या पश्चात, १९२६ च्या सुमारास, सुमारे १९० खिळ्यांच्या संचात झाली. तो 'टिळक टाइप' ह्या नावाने ओळखला गेला. सावरकरांनी त्याहून पुढे जाऊन इ, ई, उ, ए अशा स्वरांची स्वतंत्र चिन्हे टाकावी आणि 'अ'लाच काना-वेलांट्या जोडाव्या, असा पक्ष मांडला. दोघांचे उपाय भिन्न, पण एक गोष्ट समान होती. ज्या लोकांची लिपी कमी करावयाची त्या लोकांतच ते राहत होते, त्याच लिपीत रोज लिहीत होते, आणि आपले म्हणणे त्यांच्यापुढे मांडीत होते. लोकांनी काही घेतले, काही सोडले. ह्याच्या उलट १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे लिहावी असे ठरविले. यंत्राच्या दृष्टीने ते सोयीचे होते. पण लिहिणाऱ्या हाताने आणि वाचणाऱ्या डोळ्याने ते मानले नाही, आणि १९५७ साली तो निर्णय फिरवावा लागला.

ह्यातून आमच्या मते 'कमी करणे' ह्या एकाच क्रियेची तीन निरनिराळी रूपे हाती लागतात, आणि त्यांची गल्लत होऊ न देणे हेच ह्या प्रश्नातील मर्म होय. आपली स्वतःची गरज आपण कमी करणे हा संयम. त्यात चूक झाली तरी तिची कळ आपणच सोसतो. दुसरे रूप लाघवाचे. एखाद्या गोष्टीतील तत्त्व हाती लागले असता पसारा आपोआप आवरतो आणि कोणाचेच काही जात नाही, ह्यास लाघव म्हणावे. पाणिनीने वर्णांचा क्रम असा लावला की, दोन अक्षरी संज्ञेत सबंध वर्णसमूह उच्चारता यावा. सूत्रे लहान झाली, पण भाषेतील एकही वर्ण गळला नाही. इन्स्क्रिप्टमध्येही हाच गुण पुष्कळ अंशी आहे. क आणि ख एका कळेवर, काना आणि आ एका कळेवर. आणि बंगाली वा तेलुगू लिहिणाऱ्याचा क देखील त्याच जागी. तिसरे रूप कार्पण्याचे. जी दुसऱ्याची गरज आहे तीस आपल्या सोयीसाठी 'अनावश्यक' असे नाव देणे म्हणजे कार्पण्य. मग ते कितीही सुबक दिसो. संयमाचा अधिकार प्रत्येकास जन्मतः आहे, लाघवाचा अधिकार अभ्यासाने मिळतो, आणि कार्पण्याचा अधिकार कोणासच नाही. दुसऱ्याचे कमी करणे हा एक निवाडा असतो; आणि निवाडा द्यावयाचा तर दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकून घेणे ही न्यायाची पहिली पायरी आहे.

ह्यावर दोन सबळ आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रत्येकाची गरज सांभाळावयाची म्हटले तर लहान कळफलक होणारच नाही. सर्वांना सर्व देता देता पुन्हा १०४ कळांची खोगीरभरती उभी राहील. आक्षेप खरा आहे. परंतु गरज ऐकणे म्हणजे ती पुरविलीच पाहिजे असे नव्हे. ऐकून, तोलून, नाही म्हणता येते. जीएच-६० नावाच्या एका सामुदायिक प्रकल्पात, २०१२ च्या सुमारास, साठेक कळांची पाटी योजताना हाच पेच होता. कोणास अमेरिकी पद्धतीची आडवी एंटर हवी, कोणास युरोपीय पद्धतीची उभी. कोणास डावी शिफ्ट लांब, तर कोणास आखूड. त्यावर उपाय असा निघाला की, एकाच पाटीवर निरनिराळ्या मांडण्यांसाठी भोके ठेवावयाची. ज्यास जी हवी त्याने ती बसवावी. पाटी तेवढीच राहिली, आणि निर्णय वापरणाऱ्याच्या हाती गेला. दुसऱ्यास जागा देण्याचा खर्च जेथे इतका थोडा असतो, तेथे ती न देणे ह्यास काटकसर म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. हौशी माणूस रात्री जागून नकाशा काढतो, तो फुकट देतो. त्याच्यावर अनोळखी लोकांच्या गरजांचे ओझे का? आपल्याकडेच म्हण आहे की, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. म्हण योग्यच आहे. पण ती घेणाऱ्यास उद्देशून आहे. घेणाऱ्याने दात मोजू नयेत, ह्याचा अर्थ देणाऱ्याने गाईचे वय लपवावे असा होत नाही. गाय भाकड असेल तर ती भाकड आहे हे सांगणे देणाऱ्याचेच काम. फुकट देणाऱ्याकडून श्रमांची मागणी करण्याचा हक्क कोणास नाही. परंतु सत्याची अपेक्षा करण्याचा आहे. 'मी इंग्रजीपुरता विचार केला आहे. ह्यावर अमुक लिपी लिहिणाऱ्याची अमुक कळ नाही' असे त्याने एका ओळीत लिहिले तरी त्याचे ऋण पुष्कळसे फिटले. आणि नकाशा खुला ठेवला असेल तर उरलेले काम ज्याची गरज आहे त्याने करावे. येथे जबाबदारी आपल्याकडे वळते. मराठी लिहिणाऱ्यांनी आपल्या मापाचा लहान फलक स्वतः योजला नाही, आणि दुसऱ्यांच्या फलकावर ड नाही म्हणून तक्रार करीत बसले, तर ती तक्रार फार काळ कोणी ऐकून घेणार नाही. आणि घेऊही नये.

हा विचार कळफलकापुरताच आहे असे आम्हांस वाटत नाही. वाड्यांतून सदनिकांत जाताना पुण्यातील किती घरांनी आपला संसार कमी केला असेल! पाटा-वरवंटा गेला, माळ्यावरची भांडी गेली, पोथ्या गेल्या, एखादी आरामखुर्ची गेली. जागा थोडी, तेव्हा काही तरी टाकणे भागच होते. पण काय टाकावे हे कोणी ठरविले? जी खुर्ची सुनेला अडगळ वाटली तीत सासऱ्यांची दुपार जात होती. आणि जो स्वयंपाकघराचा कोपरा पुरुषांनी नकाशावर सहज खोडला त्यात घरातील बाईचा अर्धा दिवस उभ्याने जाणार होता. शाळेचा अभ्यासक्रम कमी करणारे, रस्त्याकडेची पायवाट अरुंद करणारे, कचेरीतील अर्जाचे रकाने कमी करणारे, सारे ह्याच प्रश्नापुढे उभे असतात. त्यांपैकी बहुतेक दुष्ट नसतात. जे आपल्याला लागत नाही ते कोणालाच लागत नसावे, अशी एक भाबडी समजूत त्यांच्या हातात कात्री देते. पसारा आवरणे हा सद्गुण खरा. पण पसारा कोणाचा, हे विचारल्यावाचून तो सद्गुण राहत नाही.

असो. ज्या कोणा पुणेकर तरुणास किंवा तरुणीस हा छंद जडला असेल, त्यांस निरुत्साह करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. उलट ह्या छंदात हाताचे कौशल्य, बुद्धीचा काटेकोरपणा आणि दुसऱ्याशी वाटून घेण्याची सवय ही तिन्ही एकत्र शिकावयास मिळतात, असे त्यांच्या वडील मंडळींस सांगावेसे वाटते. त्यांस एवढेच सुचवावयाचे की, आपला नकाशा कारखान्याकडे धाडण्यापूर्वी तो एकदा मराठी लिहिणाऱ्या कोणा माणसापुढे ठेवावा, आणि त्यास त्यावर एक पानभर मजकूर, घरचे पत्र का होईना, बोटांनी गिरवून पाहावयास सांगावे. ज्या जागी त्याचे बोट थबकेल तेथे आणखी एक कळ बसावी एवढी सोय करून ठेवावी. पाटीवर एक भोक अधिक पाडावयाचे कारखाना बहुधा निराळे पैसे घेत नाही.